गोगलगायींच्या अभ्यासासाठी छोटं अनुदान मागताना

अनुदानाचा अर्ज समोर आला की मी आधी शेवटचं पान उघडते. तिथं खर्चाचा तक्ता असतो. माझं पोटापाण्याचं काम हिशेब तपासण्याचं आणि जमिनीवरच्या बारीक गोगलगायी हा जुना नाद. त्यामुळे मृदुकाय प्राण्यांच्या, म्हणजे गोगलगायी, शंख-शिंपल्यांसारख्या मऊ अंगाच्या प्राण्यांच्या, अभ्यासाला छोट्या रकमा देणाऱ्या एका समितीत मला घेतलं, तेव्हा ही सवयही माझ्याबरोबर आली. मी ती सोडलेली नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. उद्दिष्टांच्या परिच्छेदात माणूस हवं तेवढं मोठं बोलू शकतो, पण तक्त्यात आपण नेमकं काय करणार हे त्याला कबूल करावंच लागतं. वर ‘जैवविविधतेचं संवर्धन’ लिहिलंय आणि खाली लॅपटॉप, कॅमेरा, प्रवास, इतर अशा चार ओळी आहेत, तर त्या माणसाचं काम अजून ठरलेलंच नाही.

म्हणून माझा सल्ला उलट्या टोकाकडून सुरू होतो. अर्ज लिहायला बसाल तेव्हा आधी तक्ता लिहा. एकेका ओळीसमोर स्वतःला विचारा, की ही वस्तू मिळाली नाही तर माझं कुठलं काम अडेल? उत्तर देता आलं नाही तर ती ओळ खोडा. शेवटी उरतील त्या ओळी म्हणजे तुमचा खरा प्रकल्प. प्रस्तावना त्यावरून लिहायची.

प्रश्न रकमेच्या मापाचा हवा

छोटं अनुदान म्हणजे किती छोटं याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण देते. 1893 साली स्थापन झालेली मॅलॅकॉलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन नवोदित संशोधकांना जी अनुदानं देते, त्यांची कमाल मर्यादा 1500 पौंडांच्या घरात राहिली आहे. एवढ्या पैशात कुणाचा पगार निघत नाही आणि यंत्रही येत नाही. निघतं ते असं: काही डझन नमुन्यांच्या एका जनुकाचं वाचन, एखाद्या संग्रहालयात जाऊन आठवडाभर जुने नमुने पाहणं, किंवा एका हंगामात ठरावीक जागांचा पालापाचोळा चाळून घेणं. यातलं एकच. तिन्ही एकत्र मागणारे अर्ज दर वेळी येतात आणि दर वेळी परत जातात.

प्रश्न लहान करणं म्हणजे त्याची किंमत कमी करणं नव्हे. ‘अमुक नदीतल्या शिंपल्यांचा अभ्यास’ हे शीर्षक घ्या. याचा शेवट कुठं? आता त्याच विषयातलं एक गाठोडं सोडवू. गोड्या पाण्यातल्या अनेक शिंपल्यांची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात. ते मासे नाहीसे झाले की शिंपल्यांचं प्रजनन थांबतं, पण म्हातारे शिंपले तळाशी तसेच राहतात. मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा ही मोत्याची शिंपली शंभरहून जास्त वर्षं जगू शकते. म्हणजे शिंपल्यांनी भरलेल्या नदीत कित्येक दशकांत एकही पिल्लू जगलेलं नाही, असंही असू शकतं. वरून पाहणाऱ्याला सगळं आलबेल वाटेल. मग प्रश्न असा करा: या दोन किलोमीटरच्या पट्ट्यात लहान वयाचे शिंपले आहेत का? त्याला लागतं काय? मोजणीसाठी चौकट, वाळू चाळायला चाळणी, व्हर्नियर कॅलिपर, पाण्यात उतरायचे बूट, सोबतीला एक माणूस आणि दोघांचं जाणं-येणं. नमुने मारायचीही गरज नाही. मोजून परत ठेवता येतात.

या प्रश्नात आणखी एक गुण आहे आणि समितीत मी त्याला सगळ्यात जास्त मान देते. उत्तर ‘हो’ आलं तरी उपयोगी, ‘नाही’ आलं तरी उपयोगी. याउलट ‘नवीन प्रजाती शोधणार’ असं वचन देणारा अर्ज नशिबावर अवलंबून असतो. नवीन काही सापडलं नाही तर अहवालात लिहिणार काय?

‘संपूर्ण यादी करणार’ हेही तसंच. न्यू कॅलेडोनियातल्या कूमाक इथल्या समुद्री मृदुकाय प्राण्यांवरचा 2002 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मी नवख्या अर्जदारांना नेहमी सांगते. 295 चौरस किलोमीटरची जागा, 400 मनुष्यदिवसांचं गोळा करणं आणि हाती आल्या 2738 प्रजाती. त्यातल्या साधारण पाचव्या हिश्शाच्या प्रजातींचा एकेकच नमुना मिळाला. तज्ज्ञांच्या एवढ्या फौजेलाही यादी पूर्ण झाली असं म्हणता आलं नाही, तर दोन सुट्ट्यांत तुम्ही ती कशी पूर्ण करणार? ‘या पाच जागांवर, या पद्धतीनं, एवढ्या वेळात काय मिळतं’ असं लिहा. ते पुढच्या माणसाला तुमच्याशी ताडून पाहता येतं.

कुणाकडे मागायचं

मृदुकाय प्राण्यांपुरत्याच काम करणाऱ्या संस्था जगात मोजक्या आहेत, पण जुन्या आणि टिकाऊ आहेत. ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडची काँकॉलॉजिकल सोसायटी 1876 पासून चालू आहे आणि तिथं हौशी अभ्यासकाला विद्यार्थ्याच्या बरोबरीनं अर्ज करता येतो. लंडनच्या ज्या संस्थेचा उल्लेख वर केला, तिनंही विद्यार्थ्यांना आणि नोकरीचं अधिष्ठान नसलेल्या संशोधकांना प्राधान्य देण्याचं धोरण ठेवलेलं आहे. 1962 मध्ये स्थापन झालेली युनिटास मॅलॅकोलॉजिका दर तीन वर्षांनी जागतिक परिषद भरवते आणि विद्यार्थ्यांच्या संशोधनाला मदत करते. अमेरिकन मॅलॅकॉलॉजिकल सोसायटी 1931 ची, तिची अनुदानं विद्यार्थी सभासदांसाठी. काँकॉलॉजिस्ट्स ऑफ अमेरिका ही 1972 ची संस्था शंख जमवणाऱ्या हौशी मंडळींतून वर आली, आणि तीही संशोधनाला पैसे देते.

संवर्धनाच्या बाजूनं जाणारा विषय असेल तर रफर्ड फाउंडेशन आणि मोहम्मद बिन झायेद स्पीशीज कन्झर्व्हेशन फंड पाहा. दुसऱ्याची मर्यादा 25,000 डॉलरपर्यंत जाते आणि तिथं वाघ-हत्तींच्या रांगेत गोगलगायीलाही जागा आहे. रफर्डला मात्र निव्वळ पदवीसाठीचं संशोधन चालत नाही, आणि श्रीमंत देशांतले प्रकल्पही ते घेत नाहीत.

नियमावली वाचताना मी आधी ‘काय देत नाही’ हा भाग वाचते. पगार नाही, विद्यापीठाचा वरखर्च नाही, परिषदेचं शुल्क नाही, आधीच झालेला खर्च नाही. यातल्या एखाद्या ओळीवर तुमचा प्रकल्प उभा असेल तर दुसरं दार ठोठावा. परिषदेला जायचं असेल तर प्रवास अनुदान वेगळं असतं, ते संशोधनाच्या अर्जात कोंबू नका. काही ठिकाणी आधी सभासद व्हावं लागतं. वार्षिक वर्गणी भरताना हात आखडता घेऊ नका, कारण वर्गणीबरोबर संस्थेचं नियतकालिकही येतं, आणि गेल्या काही वर्षांत कुणाला कशासाठी पैसे मिळाले हे त्यातल्या अहवालांवरून कळतं. समितीची आवड ओळखायचा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. मर्यादा, तारखा आणि अटी बदलत असतात, त्या वर्षीचं पत्रकच प्रमाण धरा.

तक्त्यातल्या ओळी

आता माझ्या आवडीचा भाग. ‘रसायनं’ अशी एकच ओळ आणि पुढं एक गोल आकडा, हे मला चालत नाही. कशासाठी कुठलं रसायन, हे लिहिताना अर्जदाराला काम येतं की नाही ते लगेच उघडं पडतं.

अल्कोहोलचंच पाहा. डीएनएसाठी ठेवायचा नमुना 95-96 टक्क्यांच्या इथेनॉलमध्ये लागतो. शरीररचना पाहायची असेल तर एवढं तीव्र अल्कोहोल ऊतींना कडक आणि ठिसूळ करतं, तिथं 70 ते 80 टक्के बरं. दोन्ही कामं करायची तर एकाच जागचे नमुने दोन बाटल्यांत जातील, म्हणजे बाटल्याही दुप्पट. फॉर्मॅलिन लिहिलेलं दिसलं की मी थबकते, कारण ते आम्लधर्मी झालं की पातळ शंख खाऊन टाकतं आणि डीएनएचीही वाट लावतं. शिवाय गोगलगाय जिवंतपणी थेट अल्कोहोलात टाकली की अंग आत ओढून घेते, मग आतले अवयव पाहणं मुश्किल. जमिनीवरच्या गोगलगायींना उकळून गार केलेल्या पाण्याच्या काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत रात्रभर ठेवतात. समुद्रातल्यांना साधारण साडेसात टक्क्यांचं मॅग्नेशियम क्लोराईडचं द्रावण देऊन आधी सैल करतात. तक्त्यात मॅग्नेशियम क्लोराईड दिसलं की मला कळतं, या माणसानं हे काम कधीतरी हातानं केलंय.

डीएनएच्या ओळीत बहुतेक विद्यार्थी ‘40 नमुने गुणिले दर’ एवढंच मांडतात. जीवशास्त्रातलं बारकोडचं, म्हणजे डीएनएच्या तुकड्यावरून प्रजाती ओळखायचं, नेहमीचं काम म्हणजे सीओआय जनुकाचा 658 अक्षरांच्या आसपासचा तुकडा, आणि तो नेमका पकडण्यासाठी 1994 साली प्रसिद्ध झालेली प्रायमरची (डीएनएच्या छोट्या सुरुवातीच्या तुकड्यांची) जोडी सर्रास वापरतात. जमिनीवरच्या गोगलगायींत ती कधी कधी दगा देते. त्यात गोगलगायीच्या चिकट स्रावातल्या शर्करा पीसीआरची, म्हणजे त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची, प्रक्रिया अडवतात, म्हणून साध्या किटऐवजी सीटॅब या रसायनाच्या पद्धतीनं डीएनए काढायची वेळ येते. तेव्हा काही नमुने पुन्हा करावे लागणार हे धरून चाला, आणि तसं लिहा. प्रत्येक तुकडा दोन्ही बाजूंनी वाचायचा असेल तर दर दुप्पट होतो, तेही लिहा. 40 ऐवजी 25 नमुने घेऊन पुन्हा करायची तरतूद ठेवणारा अर्ज मला जास्त विश्वासाचा वाटतो. दर आणताना प्रयोगशाळेकडून लेखी कोटेशन घ्या. ते जोडायला सांगितलं नसेल तरी आकड्यापुढे ‘कोटेशनप्रमाणे’ असं लिहिता येतं.

नमुने विमानानं पाठवायचे असतील तर अल्कोहोल ज्वलनशील आहे हे विसरता येत नाही. संग्रहालयीन नमुन्यांसाठी विमान वाहतुकीच्या नियमांत सवलत आहे: एका कुपीत 30 मिलिलीटरपर्यंत, पूर्ण खोक्यात 1 लिटरपर्यंत आणि आवरणं नियमानुसार. तरीही अनेक कुरियरवाले घेत नाहीत. हा खर्च आधी विचारून घातलेला असावा.

साठवणुकीची ओळ जवळजवळ कुणीच लिहीत नाही. ओकच्या लाकडाच्या आणि साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून आम्लाची वाफ सुटते, ती शंखातल्या कॅल्शियम कार्बोनेटला लागते आणि शंखावर पांढरी भुकटी धरते. याला ‘बाइनचा रोग’ म्हणतात, कारण बाइन यांनी 1899 मध्ये त्यावर लिहिलं. त्यांना तो जंतूंचा प्रताप वाटला होता, पण तो नुसता रसायनाचा खेळ आहे. आम्लमुक्त खोकी, काचेच्या नळ्या आणि टिकाऊ कागदाची लेबलं मिळून रक्कम किरकोळच होते, पण ती दिसली की वाटतं, हा माणूस नमुन्यांचा पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करतोय.

आणि फुकट मिळणाऱ्या गोष्टींसाठी पैसे मागू नका. प्रजातींची मूळ वर्णनं असलेली जुनी पुस्तकं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात मोफत वाचता येतात, वैध नाव कुठलं ते मोलस्काबेस या संकेतस्थळावर दिसतं. संग्रहालयाला विनंती केली तर मूळ नमुन्याचे, म्हणजे ज्यावरून प्रजातीचं पहिलं वर्णन झालं त्याचे, फोटो पुष्कळदा मिळतात. प्रत्यक्ष जायचंच असेल तर फोटोवर का भागत नाही ते एका वाक्यात सांगा: शंखाच्या तोंडाच्या आतले दात पाहायचेत, किंवा तिथले अल्कोहोलातले नमुने उघडायचेत. सूक्ष्मदर्शक विकत घेण्यापेक्षा कुणाच्या प्रयोगशाळेत बसायची परवानगी मिळवा. पाच मिलिमीटरहून लहान गोगलगायींसाठी तो लागतोच, पण समितीचा पैसा वस्तूत अडकलेला कुणालाच आवडत नाही.

हौशी असाल तर

‘मी कुठल्याच संस्थेत नाही’ हे दडवू नका आणि त्याबद्दल चार ओळींची दिलगिरीही लिहू नका. हे शास्त्र हौशी लोकांनी बरंच पुढं नेलं आहे. ब्रिटनमधल्या जमिनीवरच्या आणि गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांचा 1976 चा नकाशासंग्रह असंख्य स्वयंसेवकांच्या नोंदींवर उभा राहिला. 2008 मध्ये वेल्समधून सेलेनोक्लॅमिस यसब्रिडा ही पांढरी, बिनशंखाची, जमिनीखाली गांडुळं खाणारी गोगलगाय नवी म्हणून वर्णिली गेली, आणि ती आढळली लोकांच्या बागांमध्ये. तुमच्याकडे प्राध्यापकाकडे नसलेली गोष्ट असते: एकाच जागी, पावसात, रात्री, पुन्हा पुन्हा जाण्याची सवड. ती अर्जात पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

समितीला तुमच्याबद्दल दोनच शंका असतात. ओळख पटवायला कोण मदत करणार, आणि नमुने शेवटी कुठं जाणार? दोन्हींची उत्तरं लेखी हवीत. एखाद्या संग्रहालयाच्या क्युरेटरला आधीच विचारून ‘नमुने आम्ही स्वीकारू’ असं दोन ओळींचं पत्र घ्या. ‘माझ्या संग्रहात ठेवीन’ असं लिहिलेला अर्ज, कितीही चांगला असला, तरी माझ्याकडून पुढे सरकत नाही. तुमच्यानंतर त्या कपाटाचं काय होईल कोण जाणे. नोंदी जीबिफसारख्या खुल्या माहितीसाठ्यात टाकणार असाल तर तेही लिहा. पैसे संस्थेच्या खात्यात जाणार की तुमच्या, हे आधीच विचारा. काही संस्था व्यक्तीला थेट देतात, काही देत नाहीत.

परवानग्या

हा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. गोळा करण्याची परवानगी लागते का, हे अर्ज करण्याआधी शोधा, आणि लागत असेल तर ती मागितल्याची तारीख लिहा. सगळे महाकाय शिंपले आणि नॉटिलस हे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या यादीत आहेत. त्यांचा रिकामा शंखही सहसा कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. दुसऱ्या देशातले नमुने जनुकीय कामासाठी वापरायचे तर 2014 पासून लागू असलेला नागोया करार आडवा येतो, कारण त्यात मूळ देशाची संमती आणि लाभातला वाटा यांचा प्रश्न असतो. ‘परवानगी मिळेल’ एवढ्यावर समाधान मानणारी समिती मी पाहिलेली नाही. सुरक्षिततेची एक ओळही घाला: गोगलगायी आणि त्यांचा चिकटा हाताळताना हातमोजे. उंदरांच्या फुप्फुसात वाढणाऱ्या एका कृमीची पिल्लं त्यांच्यात असू शकतात आणि माणसाच्या मेंदूपर्यंत पोचू शकतात.

लिहिणं आणि पाठवणं

अर्ज बहुतेक इंग्रजीत असतो. भाषा फुलवायचा प्रयत्न करू नका. छोटी वाक्यं, कर्ता तुम्ही, क्रिया नेमकी. ‘जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पाच जागी, प्रत्येक जागी एक चौरस मीटर पालापाचोळा अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून चाळीन’ या वाक्याला कुठल्याही विशेषणाची गरज नाही. वाचणारे मृदुकाय प्राण्यांवर जीव टाकणारे लोक आहेत, आणि ते हे काम फुकट, रात्री जेवणानंतर करतात. गोगलगायी महत्त्वाच्या का, हे त्यांना समजावण्यात अर्धं पान घालवू नका. हवामानबदलाचा सक्तीचा परिच्छेदही नको, तो तुमच्या प्रश्नाशी खरोखर जोडलेला असेल तरच. संवर्धन निधीकडे अर्ज करताना मात्र हे गणित उलटतं, तिथले वाचक तज्ज्ञ नसतात. त्यांना पार्ट्युला गोगलगायींची गोष्ट सांगा: एक परकी गोगलगाय आवरायला म्हणून युग्लँडिना ही शिकारी गोगलगाय 1970 च्या दशकात पॉलिनेशियात सोडली, आणि तिनं बेटांवरच्या मूळच्या पार्ट्युलाच जवळजवळ संपवल्या.

वेळापत्रकात निवडणी आणि ओळख पटवणं यांना गोळा करण्यापेक्षा जास्त वेळ द्या. चाळलेल्या पाचोळ्याची एक पिशवी भिंगाखाली कण कण निवडायला काय लागतं ते एकदा घरी करून पाहा आणि तोच दर पुढं लावा. जमलं तर ही पहिली पिशवी अर्ज करण्याआधीच पूर्ण करा. ‘प्राथमिक नमुन्यात अमुक प्रजाती मिळाल्या’ या एका ओळीचं वजन फार असतं.

शिफारसपत्र देणाऱ्याला अंतिम तारखेच्या किमान तीन आठवडे आधी कळवा आणि सोबत अर्जाचा मसुदा द्या, म्हणजे पत्र प्रकल्पाबद्दल बोलेल. ‘मुलगी गुणी आणि कष्टाळू आहे’ एवढंच लिहिलेलं मोठ्या माणसाचं पत्र आम्हाला काहीच सांगत नाही. ‘हिनं माझ्याकडे बसून तीनशे शंख मोजलेत आणि तिची मापं माझ्याशी जुळतात’ असं लिहिणारा साधा सहायक शिक्षक कधीही चालेल.

नकार आला तर कारण विचारा, नम्रपणे आणि एकदाच. काही समित्या सांगतात. छोट्या निधीत चांगले अर्जही केवळ पैसे संपले म्हणून मागे राहतात, आणि तोच अर्ज दुरुस्त करून पुढच्या वर्षी दिला तर त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

पैसे मिळाले तर बेत बदलण्याआधी कळवा. पूर आला, जागा बंद झाली, प्रयोगशाळेनं दर वाढवला, हे सगळं समजून घेतलं जातं, पण काम झाल्यावर कळवलेलं नाही. शिल्लक उरली तर परत करायची की लेबलांवर खर्च करायची, हेही विचारूनच. पावत्यांचं एक सांगून ठेवते. दुकानातल्या यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदाच्या पावत्यांवरची शाई काही महिन्यांत उडते, आणि अहवालाच्या वेळी हातात कोरे कागद उरतात. ज्या दिवशी खर्च झाला त्याच दिवशी पावतीचा फोटो काढा, फाईलच्या नावात तारीख आणि तक्त्यातल्या ओळीचा क्रमांक घाला.